प्रतिसाद : तॉर्तिया मोडतात, कारण पीठच वेगळं

आपल्याकडच्या मक्याच्या पिठाची तॉर्तिया (मेक्सिकोतली मक्याची पातळ पोळी) लाटताना चिरते, असं मूळ लेखात लिहिलंय, त्यावर हा प्रतिसाद. दोष हाताचा नाही. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याला निश्तामाल म्हणतात. त्यानेच पीठ चिकट होतं आणि तो खास वास येतो. मासा आरिना, म्हणजे अशा मक्याचं तयार पीठ, मिळालं तर उत्तमच. नाहीतर 1 किलो सुका मका (स्वीटकॉर्न नव्हे!), 10 ग्रॅम खायचा चुना आणि 3 लिटर पाणी घ्या. साल सुटेपर्यंत मंद उकळा, रात्रभर ठेवा, चोळून धुवा आणि ओलंच वाटा. मी असंच करते.

मिरच्यांत मात्र तडजोड नको. चिपोत्ले म्हणजे धुरावलेली हालापेन्यो ही मेक्सिकन मिरची, तिचा धूर काश्मिरी मिरचीत कुठून येणार? चिपोत्लेच मागवा.