मदत हवी आहे : राउटरवरचा प्रोब आपोआप बंद पडतो (अर्जंट)

घाटावरचा_वायरमन
नाशिकची शाखा ते पुण्याचं मुख्य ऑफिस, लिंक दुपारी रडते. लाइनवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ओके, पुरावा द्या. म्हणून सिस्को राउटरवर आयपी एसएलए (लाइन स्वतः तपासून आकडे ठेवणारी राउटरमधली सोय) लावलं, त्यात एक प्रोब, म्हणजे तपासणी : दर ६० सेकंदांनी आयसीएमपी एको, साधं पिंग. सकाळी चालू करतो, थोड्या वेळाने आकडे थांबतात. तिसरा दिवस. साहेब डोक्यावर बसलेत, लवकर सांगा.

केबलकाका
कॉन्फिग टाका. नुसतं ‘लावलं’ म्हटल्यावर काय कळणार? आणि थोडा वेळ म्हणजे किती?

घाटावरचा_वायरमन
कॉन्फिग नेहमीचंच आहे हो. तासाभराने थांबतं.

पेंग्विनप्रेमी
राउटरला कशाला त्रास? जुन्या पीसीवर लिनक्स टाका, स्मोकपिंग (पिंगच्या वेळेचे आलेख काढणारा प्रोग्राम) बसवा. आमच्याकडे चार वर्षं चालतंय.

केबलकाका
शाखेत संध्याकाळी मेन स्विच पाडून जातात, पीसी कोण चालू ठेवणार?

पेंग्विनप्रेमी
मग राउटर काय इन्व्हर्टरवर आहे का? शिवाय समोरचा राउटर पिंगला सवडीने उत्तर देतो. आकडे फुगलेले येतात.

केबलकाका
त्यासाठीच आयपी एसएलएमध्ये यूडीपी जिटर (पाकिटांच्या उशिरातला चढउतार मोजणारा प्रोब) आहे. पुण्याच्या राउटरवर रिस्पॉन्डर (प्रोबला उत्तर देणारी सोय) चालू केला की तो स्वतःचा प्रक्रियेचा वेळ वजा करायला लावतो. फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १९६७ उघडा, जिटरसाठी निवडलेला पोर्टही.

घाटावरचा_वायरमन
जिटर कोणी विचारलाय??

रात्रपाळी
बरोबर तासाभराने ना? शेड्यूलच्या ओळीत लाइफ (प्रोब किती वेळ चालायचा ते) दिलंय का? नाही दिलं तर ३६०० सेकंद धरतो.

घाटावरचा_वायरमन
‘आयपी एसएलए शेड्यूल १० स्टार्ट-टाइम नाऊ’ एवढंच आहे. अरे देवा. आणि फ्रिक्वेन्सी ३० करायला गेलो तर एंट्री चालू आहे, बदलता येणार नाही म्हणतो.

रात्रपाळी
चालू प्रोब बदलता येत नाही. ‘नो आयपी एसएलए १०’ करून उडवा, पुन्हा लिहा, शेवटी ‘लाइफ फॉरेव्हर स्टार्ट-टाइम नाऊ’. उडवलं की जुने आकडेही जातात, तेव्हा आधी ‘शो आयपी एसएलए स्टॅटिस्टिक्स’ कॉपी करून ठेवा. ‘नाऊ’ऐवजी घड्याळाची वेळ द्यायची असेल तर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) बघा, राउटरचं घड्याळ भलतंच असतं. आणि राइट मेमरी (कॉन्फिग सेव्ह करणं) विसरू नका.

कोपरगावकर
दुपारीच रडते म्हणजे कॅमेऱ्यांचं बॅकअप त्या वेळी जात असणार. बघा.

घाटावरचा_वायरमन
दीड तास झाला, चालू आहे. रात्रपाळी, चहा लागू! कॅमेरे शाखेत नाहीत, टॅलीचं बॅकअप मात्र दोनला लावलंय. मीच लावलंय. बघतो.

पेंग्विनप्रेमी
स्मोकपिंगमध्ये हे पहिल्या दिवशी दिसलं असतं.