गोळी फेकून द्या म्हणणाऱ्याला

पऱ्हाटीवाला, दारव्हा
काल इथं कोणी लिहिलं, ‘रक्ताच्या कॅन्सरची गोळी जन्मभर खाऊ घालतात, सारा धंदा आहे. तीन महिने गुळवेलीचा काढा घ्या, गोळी फेकून द्या.’ खाली अंगठ्यांची रांग! माझे बाबा नऊ वर्षांपासून हीच गोळी, इमॅटिनिब, रोज ४०० मिलिग्रॅम घेतात. गप्प बसवत नाही.

आजार सीएमएल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा रक्ताचा कॅन्सर. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं एन्झाइम जन्मतं. साधं एबीएल तुमच्या-माझ्यातही आहे. ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून कामाला लावतं, अन् वेळेवर थांबतं. बिघडलेलं थांबतच नाही. मोटरचा स्टार्टर चिकटल्यासारखं. पांढऱ्या पेशी वाढतच जातात. फॉस्फेट पुरवणारा एटीपी नावाचा रेणू एन्झाइमच्या ज्या खाचेत बसतो, तिथंच गोळी जाऊन बसते, म्हणून काम थांबतं. पण एन्झाइम बनणं थांबत नाही, म्हणून गोळी रोज.

रानवाट
थे मीच लिवलं. आमच्या आजाच्या काळात कोणाले होता हा कॅन्सर? फवारणी आली अन् सारं आलं. २०१७ ले यवतमाळात फवारणीच्या विषानं माणसं मेली, थे काहून नाही लिहत?

पऱ्हाटीवाला, दारव्हा
आजाच्या काळात तपासत कोण होतं? पोटात पानथरी (प्लीहा) वाढली म्हणायचे अन् माणूस जायचा. अन् २०१७ चा इथं काय संबंध?

मेडिकलवाला
एन्झाइमचाच संबंध आहे, पण दुसऱ्या. फवारणीतलं ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेजला, म्हणजे नसांचा निरोप वेळेवर थांबवणाऱ्या एन्झाइमला, बंद पाडतं. मग लाळ, घाम, बाहुल्या बारीक, श्वास अडकतो. अ‍ॅट्रोपिन हा उतारा त्यासाठीच देतात.

रानवाट
म्हंजे एक एन्झाइम बंद पडलं त माणूस मरते, दुसरं बंद पाडलं त जगते. वा रे विज्ञान!

मेडिकलवाला
चेष्टेत का होईना, बरोबर बोलले.

सोयाबीन_ताई
मजुरांनी मास्क लावला नाही म्हणून मेले, असं आमच्याकडचे अजून म्हणतात. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत तो सूट घालून एक तास फवारून दाखवा! माझा दीर दोन औषधं एकत्र करून मारत होता. दुकानदारानंच सांगितलं होतं. चार दिवस दवाखान्यात होता, मजुरी बुडाली ती वेगळीच.

मेडिकलवाला
सगळे दुकानदार सारखे नसतात, ताई.

सोयाबीन_ताई
तुमच्या शेपटीवर पाय पडला वाटते.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
अरे, धागा गोळीचा होता! धंदा म्हणता ना? ब्रँडची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या ब्रँडच्या कंपनीला, नोव्हार्टिसला, पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्त गोळ्या टिकल्या. कंपनी लुटते हे तुमचं खरं. पण त्यासाठी गोळी फेकायची?

रानवाट
बरं बावा, तूच शायना. आमचा भाटवा घेते हेच औषध. रोज उलटी, पायात गोळे. दोन महिने झाले, सोडून देली. त्याचे हाल पाहून लिवलं म्या.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
हे पहिलेच सांगायचं न दादा. उपाशीपोटी घेत होता का?

रानवाट
सकाळी कोऱ्या चहासंगं.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
तिथंच घोळ असेल. जेवणावर घ्यावी लागते, मोठा गिलासभर पाणी घेऊन. गोळे बाबांनाही येतात, डॉक्टर त्यावर काहीतरी देतात. पण दोन महिन्यांचा खंड पडला, आता मनानं सुरू करू नका. उद्याच्या पहिल्या गाडीनं नागपूरला न्या, जुनी फाइल घेऊन.

रानवाट
काढा चालू ठेवू का?

पऱ्हाटीवाला, दारव्हा
डॉक्टरसमोर विचारा. लपवू नका.