तोमिओकाचा रेशीम कारखाना, संग्रहालये आणि छोटी रेल्वे: दीड दिवसात काय पाहावे?

आंधळगावकर (प्रश्न):

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्याचा रहिवासी असून आमच्या घरी कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये सायतामा प्रांतात राहतो आणि यंदा धानाची चुरणी उरकली की नोव्हेंबरात आम्ही दोघे नवराबायको त्याच्याकडे जाणार आहोत. टोकियो तो दाखवणारच आहे. परंतु माझ्या मनात गुन्मा प्रांतातील तोमिओका हे लहान शहर आहे, कारण तिथे १८७२ मध्ये सुरू झालेला रेशीम कारखाना अजून उभा असल्याचे मी वाचले आहे. हाती दीड दिवस आहे. कारखान्याखेरीज तिथली संग्रहालये आणि स्थानके पाहण्याजोगी आहेत का, गाडीने जावे की रेल्वेने, आणि ज्याने आयुष्यभर हातमाग चालवला त्याने तिथे नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हे कृपया कुणी जाणकाराने सांगावे.

वऱ्हाडकन्या:

काका, नमस्कार. मी मूळची दर्यापूर तालुक्यातली; शिक्षणासाठी तीन वर्षे गुन्मात होते आणि तोमिओकाला चार वेळा जाऊन आले. आपण अवश्य जा आणि रेल्वेनेच जा. सायतामातील ओमिया स्थानकावरून ताकासाकीला शिंकानसेन, म्हणजे अतिवेगवान गाडी, मिळते. ताकासाकीला जोशिन कंपनीच्या गाडीसाठी वेगळा फलाट असून त्याचा क्रमांक शून्य आहे. तिथून साधारण चाळीस मिनिटांत जोशू-तोमिओका स्थानक येते. २०१४ मध्ये बांधलेले हे स्थानक अगदी लहान आहे: एक मोठे सपाट छप्पर, त्याखाली विटांच्या भिंती, आणि त्या भिंतींचाच पुढे झालेला बसण्याचा ओटा. कारखान्याच्या विटांशी नाते जुळवून ते बांधल्याचे उतरताक्षणी लक्षात येते.

स्थानकापासून कारखाना पायी पंधरा मिनिटांवर आहे. आत गेल्यावर पूर्वेकडील कोषांचे कोठार प्रथम दिसते. त्याची लांबी १०४ मीटर आहे. एवढे मोठे कोठार कशाला, असा प्रश्न मला पहिल्या भेटीत पडला होता. त्या काळी तिथे कोषांचे पीक प्रामुख्याने वर्षातून एकदाच येत असे. कारखाना मात्र बारा महिने चालवायचा होता. त्यामुळे वर्षभराचे कोष वाळवून साठवण्याची सोय करणे भाग होते. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या पाहिलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

धागा काढण्याची इमारत १४० मीटर लांब आहे आणि आत मध्ये एकही खांब नाही, कारण छताचा भार लाकडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी चौकटींवर, तोलला आहे. वीज नव्हती म्हणून दोन्ही बाजूंना मोठ्या काचेच्या खिडक्या ठेवल्या, आणि कोष उकळण्याच्या वाफेला वाट मिळावी म्हणून छपरावर झडपा काढल्या. इथे तीनशे बायका एकाच वेळी बसून धागा काढू शकत असत. आराखडा आणि यंत्रे फ्रान्सची, देखरेख पॉल ब्रुना या फ्रेंच तंत्रज्ञाची. पण भिंतींचा सांगाडा जपानी पद्धतीने लाकडी, आणि विटा तर कौले भाजणाऱ्या जपानी कारागिरांनी भाजलेल्या. ज्यांनी तोवर वीट कधी पाहिलीच नव्हती, त्यांनी ती घडवली. मला संपूर्ण कारखान्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

मूर्तिजापूरकर:

रेल्वेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आंधळगावकर भाऊ, आपण ज्या जोशिन मार्गाने जाणार आहात तो १८९७ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. आमच्या शकुंतलेचे, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाचे, रूळही नेमके अडीच फुटांचेच. आमची गाडी वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी आली आणि ती तोमिओका परिसराच्या रेशमाच्या मुलखात धावली. १९२४ मध्ये तिथल्या कंपनीने रूळ रुंद करून साडेतीन फुटांचे केले, त्याच वेळी मार्गाचे विद्युतीकरण केले आणि जर्मनीहून सीमेन्सची इंजिने आणली. जेमतेम ३४ किलोमीटरचा मार्ग, परंतु आजही शेवटच्या शिमोनिता स्थानकापर्यंत शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे त्याच गाडीने ये-जा करतात. शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढत होते, नंतर डिझेल आले, आणि आता तिच्या रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. आपण शिमोनितापर्यंत जाऊन यावे अशी माझी मनापासून विनंती आहे. कारखान्याच्या विटा जोडणाऱ्या चुन्याचा दगडही त्याच शिमोनिता भागातून आला होता.

आंधळगावकर:

दोघांचेही आभार. ताई, एक शंका आहे. तिथे धागा काढताना प्रत्यक्ष पाहता येतो का, की केवळ बंद यंत्रे काचेआड ठेवली आहेत? माझ्या आईने आयुष्यभर कोशाचा धागा मांडीवर वळून काढला. माझ्या दृष्टीने हात चालताना दिसणे महत्त्वाचे आहे.

वऱ्हाडकन्या:

काका, मुख्य इमारतीत आज जी यंत्रे दिसतात ती १८७२ ची नसून गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील स्वयंचलित यंत्रे आहेत. मोटारी बनवणाऱ्या निस्सान कंपनीने ती घडवली होती. १९८७ मध्ये काम थांबले, त्या स्थितीत ती झाकून ठेवली आहेत. ब्रुनाने आणलेले मूळ वाफेचे यंत्र इनुयामा येथील मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात आहे आणि तोमिओकात त्याची चालती प्रतिकृती आहे. हाताने फिरवायच्या लाकडी रहाटावर धागा काढण्याचे प्रात्यक्षिकही मी तिथे पाहिले आहे. त्याची वेळ मुलाला आधी विचारून ठेवायला सांगा. पश्चिमेकडील कोठाराच्या आत काचेचे दालन उभारून २०२० मध्ये ते खुले केले आहे. जुन्या भिंतीला धक्का न लावता नवी जागा कशी करावी हे पाहण्यासाठी तिथे थोडा वेळ जरूर काढा.

ऐनाची सावली:

मी आरमोरी भागात ऐनाच्या झाडांवर टसरचे कोष घेणाऱ्या ढिवर कुटुंबांसोबत काम करतो, म्हणून एक भेद सांगावासा वाटतो. तोमिओकाचे रेशीम तुतीच्या पानांवर, घरात पोसलेल्या अळ्यांचे आहे. त्यांच्या एका कोषातून हजार मीटरहून अधिक लांबीचा सलग धागा निघतो. आपली टसर अळी उघड्या जंगलात वाढते, तिचा कोष टणक असतो आणि तो मऊ करण्याची रीत वेगळी. त्यामुळे तिथले यंत्र जसेच्या तसे आपल्या उपयोगाचे नाही, हे मनात ठेवून पाहावे.

उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुले झाल्यावर रेशमाची मागणी इतकी वाढली की हलका माल सर्रास निर्यात होऊ लागला आणि जपानी रेशमाचे नाव खराब झाले. ते सावरण्यासाठी सरकारने तोमिओकात नमुन्याचा कारखाना काढला आणि देशभरातून मुली शिकायला बोलावल्या. आरंभी कुणी येईना, कारण फ्रेंच लोक द्राक्षाची तांबडी दारू पीत ती लोकांना रक्त वाटली. तेव्हा पहिले व्यवस्थापक ओदाका अत्सुतादा यांनी स्वतःच्या मुलीला कामावर आणले. शिकलेल्या मुली आपापल्या गावी परतल्या आणि तिथल्या नव्या गिरण्यांत त्यांनी इतरांना शिकवले. आमच्याकडे प्रशिक्षण होते, प्रमाणपत्र मिळते, आणि शिकलेल्या बाईला गावात बसायला छप्परही नसते. म्हणून मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

सरकारने १८९३ मध्ये कारखाना विकला. शेवटचे मालक कताकुरा कंपनी. काम बंद पडल्यावरही २००५ पर्यंत त्यांनी तो सांभाळला. विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, पाडायचा नाही, हे त्यांचे धोरण होते. मग तो शहराला दिला, आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला.

वऱ्हाडकन्या:

उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी दोन ठिकाणे. गुन्माचे निसर्गविज्ञान संग्रहालय याच शहरात असून तिथे कॅमारासॉरस डायनासोरचा खऱ्या जीवाश्मांचा सांगाडा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडे सापडली, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो पाहावा. दुसरे, जोशू-इचिनोमिया स्थानकाजवळचे नुकिसाकी देवस्थान. तिथे आधी पायऱ्या चढून तोरणाशी जावे लागते आणि मग देवळाकडे पायऱ्या उतराव्या लागतात. काकूंचे गुडघे दुखत असतील तर तेवढे लक्षात ठेवा.

आंधळगावकर:

ठरले. पहिला पूर्ण दिवस कारखान्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी शिमोनितापर्यंत गाडीने, आणि परतताना इचिनोमियाचे देऊळ. आईने काढलेल्या धाग्याची एक लडी पेटीत जपून ठेवली आहे. ती सोबत नेतो आणि रहाटावर बसणाऱ्या बाईंना दाखवतो. आल्यावर इथेच सविस्तर लिहीन.