कारसाठी टिकाऊ स्टिरिओ कोणता घ्यावा?

गाणीवेडा: गाडीतला जुना स्टिरिओ चालता चालता आपोआप बंद पडतोय, म्हणून नवीन बघतोय. रोज बराच वेळ गाडीत जातो आणि गाण्यांशिवाय मला करमत नाही, त्यामुळे काही वर्षं तरी त्रास न देणारा हवा. एकीकडे मोठ्या स्क्रीनचे स्वस्त अँड्रॉइड सेट, दुसरीकडे पायोनियर, सोनी, केनवुड. वॅट तर सगळेच ५० गुणिले ४ लिहितात, मग ओळखायचं कसं?

तारजोड्या: तो ५० चा आकडा सोडून दे, ती मॅक्स पॉवर असते. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर, तो आकडा बघ, चांगल्या सेटमध्ये पण तो चॅनलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, साधारण १५ ते २२ वॅटच असतो. बऱ्याच सेटच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असतो, आता १४.४ व्होल्ट गुणिले १० केलं की होतात १४४ वॅट आणि त्यातलेही बरेच उष्णतेत जातात, मग २०० वॅट येणार कुठून? जी कंपनी आरएमएस स्पष्ट लिहिते तिच्यावर माझा जास्त विश्वास. पुढेमागे अँप्लिफायर लावणार असशील तर प्रीआउट, म्हणजे अँप्लिफायरला सिग्नल देणारे मागचे सॉकेट, किती व्होल्टचे तेही बघ, २ पेक्षा ४ चांगले.

रातराणी: अँड्रॉइड सेट म्हणजे आत एक टॅबलेटच असतो हो, उन्हात तापतो, अपडेट येत नाहीत आणि मग हळूहळू स्लो होत जातो. त्यापेक्षा अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेला साधा सेट घ्या, नकाशे-गाणी सगळं फोन सांभाळतो आणि फोन बदलला की सगळं आपोआप नवीन. आवाजासाठी बटणाऐवजी गोल नॉब मिळाला तर सोडू नका, गाडी चालवताना न बघता हात जातो. आणि डॅशबोर्डचं माप घ्या आधी, सेटची ठरलेली मापं दोन: सिंगल डिन १८० बाय ५० मिमी, डबल डिन १८० बाय १००.

तारजोड्या: आणि काही झालं तरी मूळ वायरी कापू देऊ नकोस, तुझ्या मॉडेलचं कपलर, म्हणजे वायरी जोडायचा तयार प्लग, मिळतं ते लाव. पण एक सांग, बंद पडल्यावर सेट केलेली रेडिओ स्टेशनं पुसली जातात का?

गाणीवेडा: नाही, स्टेशनं तशीच राहतात, घड्याळही बरोबर असतं.

तारजोड्या: मग पिवळी वायर, म्हणजे बॅटरीवरून सतत येणारा आणि मेमरी टिकवणारा सप्लाय, आणि अर्थिंग बहुतेक ठीक आहे. लाल वायर, म्हणजे किल्लीवरून येणारा सप्लाय, तिचा जोड ढिला असेल. नवीन घ्यायच्या आधी ती मीटर लावून तपास, नाहीतर नवा सेटही असाच बंद पडेल.