अनुभव धागा: जुनाजाणता मेटल बँड प्रथमच समोर ऐकताना

गोव्यात संगीताला तोटा नाही. तरी ज्या बँडच्या कॅसेटी आपण झिजेपर्यंत ऐकल्या, त्याला प्रत्यक्ष ऐकण्यासाठी आपल्यापैकी अनेकांना बंगळूर नाहीतर मुंबई गाठावी लागली. तो पहिला अनुभव येथे लिहावा. तिकिटाचे रडगाणे थोडक्यात आटोपावे. ऐकले काय, ते सांगावे.

फोंडा
आयर्न मेडन १७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवणार हे कळताच आम्ही तिघांनी पणजीहून रात्रीची बस धरली. मी देवळात भजनाला पखवाजाची साथ करतो, त्यामुळे माझे लक्ष ड्रमवादक निको मॅकब्रेन यांच्याकडे होते. पण ते ड्रमच्या गराड्यात असे बुडालेले की वर उडणारी काडी तेवढी दिसे. आम्ही मंचापासून शंभरेक मीटर मागे होतो. काडी झांजेवर आपटलेली आधी दिसे आणि आवाज मागाहून येई, तेव्हा प्रथम वाटले की प्रवासाच्या शिणाने माझीच लय ढळते आहे. मग उमगले की ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मला प्रत्येक ठोका पाव सेकंदाहून अधिक उशिरा मिळत होता, आणि त्या द्रुत लयीत तेवढा अवकाश पुष्कळ असतो. शेवटी मी डोळे मिटून घेतले. स्टीव्ह हॅरिस बेस नुसत्या बोटांनी छेडतात. घरच्या टेपरेकॉर्डरवर कोरडी टकटक वाटणारा तो बेस तेथे बरगड्यांत घुमत होता. शिगम्याच्या रोमटात ढोलांच्या मधोमध उभे राहिल्यावर होते, अगदी तसे (रोमट म्हणजे ढोलताशांची मिरवणूक).

डिचोली
मी नाट्यसंगीतावर वाढलेली बाई. अकरावीतल्या मुलाला एकटे कसे पाठवावे, म्हणून आयर्न मेडनच्या १ फेब्रुवारी २००८ च्या मुंबईच्या कार्यक्रमाला थिवीहून रेल्वेने त्याच्यासोबत गेले. या बँडचे विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवतात, हे त्याने मला वाटेत चारदा तरी ऐकवले. गोंगाट पोरांचा असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मंचावर माझ्याच वयाची माणसे निघाली. डिकिन्सन तेव्हा ४९ वर्षांचे होते आणि मंचभर धावूनही त्यांचा तार सप्तकातला स्वर डळमळत नव्हता. शब्द मला फारसे कळले नाहीत, दमसास मात्र कळला.

मडगाव
मेटालिका, बंगळूर, ३० ऑक्टोबर २०११. गुरगावचा कार्यक्रम दोनच दिवसांपूर्वी रद्द झाल्याने पहिला सूर कानी पडेपर्यंत माझा विश्वास नव्हता. नंतर दोन दिवस कान वाजत राहिले. कानात बोळे घालावेत, त्यात कमीपणा नाही.

म्हापसा
फोंडेकरांनी डोळे मिटले, ते बरे केले. मीही २००७ साली तेथेच होते, पण माझी उंची पाच फूट. डोळे सताड उघडे ठेवूनही मला समोरच्या माणसाची पाठ आणि त्याच्या टी-शर्टावरचा एडी, म्हणजे आयर्न मेडनचे ते प्रसिद्ध भूत, एवढेच दिसले. गाणे मात्र एकही चुकले नाही.