लेकीचा पहिला ब्लूज अल्बम : तिचा गंधार 'नीट' करू द्यावा का?

पेटीवाली, फोंडा

लेक सोळा वर्षांची, यंदा अकरावीला. माझ्या पेटीशेजारी बसून भजनं शिकली. बाराव्या वर्षी मामाने गिटार दिली आणि तिची वाटच बदलली. आता ब्लूज नि सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत गाते, गाणी स्वतः लिहिते. आठ गाणी तयार आहेत आणि तिला पहिला अल्बम करायचाय. घरून कुणाचा विरोध नाही. भिशीचे पैसे मी त्यासाठीच ठेवलेत.

त्यातलं एक गाणं बाबांच्या टिपरवर आहे. २०१८ च्या खाणबंदीनंतर तो अंगणात उभा राहिला, चाकांभोवती गवत वाढलं. ती तेव्हा लहान होती, रोज शाळेतून आली की त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसायची. मी आणि तिचे बाबा ज्यावर कधी बोललो नाही, ते तिने कोकणीत बारा ओळींत मांडलंय.

गेल्या महिन्यात हे गाणं एका स्टुडिओत करून पाहिलं. आधी कानात तालाची टिकटिक लावून गिटार, मग काचेपलीकडे एकटीला उभं करून गाणं. आठवड्याने फाइल आली. ऐकून पोर काही न बोलता आत गेली. मी पेटी पुढ्यात घेऊन पुन्हा ऐकलं तेव्हा उमगलं. टिपरचं नाव घेताना तिचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो. पेटीवर तो सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत आहे. फाइलमध्ये तो शुद्ध गंधारावर नेऊन बसवला होता. विचारलं तर म्हणाले, "जरा बेसूर होतं, नीट केलं." काम स्वच्छ आहे, माणूसही चांगला. पण माझ्या लेकीचं रडू त्या फटीत होतं, ते गेलं.

मी भजनातली बाई, या संगीतातलं मला फारसं कळत नाही. मी चुकतेय का? आणि चुकत नसेन तर ध्वनिमुद्रण कसं करावं?

ध्वनिवेडा, म्हापसा

ताई, अजिबात चुकत नाही. त्यालाच ब्लू नोट म्हणतात. तिसरा, सातवा, कधी पाचवा सूर नेमल्या जागेच्या किंचित खाली लावायचा किंवा खालून ओढत आणायचा. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर सहसा सप्तकाच्या बारा पट्ट्या धरून चालतं. मधला सूर दिसला की जवळच्या पट्टीवर ढकलतं.

माझा सल्ला : सगळ्यांना एकाच खोलीत बसवा. ड्रम, बास, गिटार, गळा, सगळं एकदम. प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा उतरतो, त्यामुळे नंतर एकटा गळा उचलून सरकवणं फार अवघड होतं. तेच आपल्याला हवंय. टिकटिकही नको. ब्लूजच्या झुलत्या ठेक्यात, म्हणजे शफलमध्ये, एका मात्रेचे तीन भाग असतात, त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो. तिसरा किती रेंगाळतो त्यावर सगळा झोका, आणि तो एकमेकांकडे बघत वाजवल्यावरच येतो. घाई मात्र नको. पत्र्यावरचा पाऊस माइकमध्ये येतो आणि या हवेत गिटारीचं लाकूड फुगतं. चवथ होऊ द्या.

जुन्या तबकड्या, मडगाव

जॉस स्टोन ही इंग्लंडमधल्या डेव्हनची मुलगी. तिचा पहिला अल्बम २००३ साली आला तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्याबरोबर मायामीचे जुने सोलवाले बसले होते : लॅटिमोर, टिमी थॉमस, गिटारवर लिटल बीव्हर. गाणीही बहुतेक जुनीच, त्यामानाने अनोळखी. निर्मात्यांपैकी एक होती बेटी राइट, जिचा स्वतःचा पहिला अल्बम चौदाव्या वर्षी, १९६८ मध्ये निघाला होता. कोवळ्या गळ्याला काय लागतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून म्हणतो, साथीला समवयस्क मुलंच घेऊ नका. मडगाव-वास्कोकडे लग्नांच्या बँडमध्ये आयुष्य काढलेले साठीचे बासवाले, ट्रम्पेटवाले आहेत. चर्चच्या शाळेत सोलफेज, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकलेली माणसं ती. एक तरी शोधा. मुलगी अडखळली तर असा माणूस थांबत नाही, तिला घेऊन पुढे जातो.

कागदपत्रं, पणजी

संगीतातलं कळत नाही, पण एक लक्षात ठेवा. अठरा पूर्ण होईपर्यंत तिने केलेला करार कायद्याने टिकत नाही. सही तुमची मागतील. शब्द आणि चाल तिची आहे, हक्कही तिचाच. "सर्व हक्क कायमचे" असं कुठे दिसलं तर थांबा, वकिलाला दाखवा.

भैरवी, केरी

फोंड्याच्या आहात म्हणून राहवलं नाही. १९७७ साली व्हॉएजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात आमच्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. आणि तिच्या लगेच नंतर काय लागतं? टेक्ससच्या ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ मधलं मुद्रण. त्यात शब्दच नाहीत, नुसता हुंकार आणि त्याच्या मागोमाग घसरत जाणारी गिटार. दोन्ही पाठोपाठ लेकीला ऐकवा. तुम्हीही पेटी बंद ठेवून ऐका.

पेटीवाली, फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही ऐकली, भैरवीताईंनी सांगितलं तशी. दुसरं संपल्यावर ती म्हणाली, "आई, हो माझोच गंधार." मग आम्ही दोघींनी तो गळ्यावर शोधला. मला अजून लागत नाही, ती शिकवतेय.

स्टुडिओवाल्यांशी बोलले. एकत्र मुद्रण करायला ते तयार आहेत, त्यांनी तिची माफीही मागितली. चवथीनंतरची तारीख धरलीय. मडगावातलं कुणी साठीचं बास वाजवणारं माहीत असेल तर निरोपात कळवा. टिपरचं गाणं तिच्या बाबांनी अजून ऐकलेलं नाही. मुद्रणाच्या दिवशी त्यांनी खोलीत समोर बसावं, असं तिचं म्हणणं आहे. आज सकाळी मी त्यांना तेवढं सांगितलं. ते हो म्हणाले आणि कोयता घेऊन टिपरभोवतीचं गवत कापायला गेले.