मंगोल दिल्लीच्या दारातून परत का गेले? आणि आपल्याकडे त्याचं काय?

घोडबंदरचा_प्रवासी:
गाडी तासभर हलत नाही म्हणून पॉडकास्ट लावतो, सध्या मंगोल चालू आहेत. १२०६ ला चंगीझ खान होतो काय आणि १२५८ ला त्याचा नातू हुलागू बगदाद उद्ध्वस्त करतो काय, डोकंच चालत नाही. मग दिल्ली का नाही घेतली? आणि कोकण-दख्खनचा यात काही संबंध की सगळं उत्तरेतच आटोपलं?

ऐरोलीकर:
घ्यायला आले होते की! १२४१ ला लाहोर लुटलं. १२९९ ला दिल्लीजवळ किलीला लढाई झाली, दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खलजीचा सेनापती जफर खान तिथेच पडला. १३०३ ला तर मंगोल सरदार तरघीने दिल्लीला वेढा घातला आणि अलाउद्दीन जवळच्या सिरीच्या तळावर अडकून बसला. पण एकेका स्वाराबरोबर तीन-चार घोडे, एवढ्यांना चारा कुठून आणणार, त्यात आपला उन्हाळा. शिवाय तोवर साम्राज्याचे तुकडे होऊन चुलतभाऊ एकमेकांत लढत होते, हे लोक विसरतात.

चरईचा_वाचक:
दख्खनचा संबंध आहे ना भाऊ. त्या वेढ्याने अलाउद्दीन हादरला, मोठी खडी फौज ठेवली, रोख पगार, घोडे बदलता येऊ नयेत म्हणून त्यांना डाग, आणि पगारात शिपायाचं भागावं म्हणून दिल्लीत धान्याचे भाव बांधले. १३०६ नंतर त्याच्या काळात मंगोलांच्या मोठ्या स्वाऱ्या थांबल्या, फौज मोकळी झाली आणि लगेच त्याचा सेनापती मलिक काफूर यादवांच्या देवगिरीवर!

ऐरोलीकर:
सगळं मंगोलांवर ढकलू नका राव. देवगिरीची पहिली लूट १२९६ ची, तेव्हा अलाउद्दीन सुलतानही नव्हता, सोन्यासाठीच आला होता.

चरईचा_वाचक:
ते मान्य, पण दिल्ली सोडून फौज इतकी लांब पाठवायची तर पाठ सुरक्षित हवी, मी एवढंच म्हणतोय.

कोपरीची_ताई:
तुमचं दिल्ली-देवगिरी चालू दे, ठाण्याचं कोणीच बोलेना! चीनचा मंगोल बादशहा कुबलाई खानाकडे राहिलेल्या मार्को पोलोच्या वर्णनात ठाणे आहे, इथला कापूस, चामडं वगैरे. आणि भारी भाग म्हणजे इथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, जहाजावर घोडे सापडले तर राजाचे, बाकी माल तुमचा. घोडे समुद्रावरून यायचे ना, म्हणून एवढा जीव. पुढे ओदोरिक नावाचा इटालियन पाद्री होर्मुझहून जहाजाने ठाण्याला आला, १३२१ ला इथे मारल्या गेलेल्या पाद्र्यांच्या अस्थी घेतल्या आणि थेट चीनला गेला. इराणात मंगोल, चीनमध्येही मंगोल, मधे आपली खाडी. कत्तली भयंकर केल्या त्यांनी, पण व्यापाऱ्यांचे रस्ते जपले, हेही धरा.

घोडबंदरचा_प्रवासी:
काय सांगता ताई, चाच्यांशी सेटिंग?? हा राजा कोण मग, शिलाहार का?

कोपरीची_ताई:
नाही हो, शिलाहार १२६५ च्या आसपासच संपले, देवगिरीच्या महादेव यादवाने त्यांच्या शेवटच्या राजाला, सोमेश्वराला, समुद्रात गाठलं. पोलो मात्र लिहितो की ठाण्याचा राजा कोणाला खंडणी देत नाही. देवगिरीवाल्यांनी यावर बोलावं आता.